उपाशीपोटी दोनशे अडुसष्ट

रविवारी सकाळी सव्वासहाला वनमालाबाईंची साखर उपाशीपोटी दोनशे अडुसष्ट भरली. साडेसहाला जयवंतरावांनी तो आकडा वहीत लिहिला, खाली लाल पेनाने रेघ ओढली आणि मुलुंडला लेकीला फोन लावला. सातला जान्हवी घरून निघाली. निघताना तिने नवऱ्याला सांगितलं, की आईला घेऊनच परत येते, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर तेवढा हॉलमध्ये हलव.

धुऱ्यांच्या चारकोपच्या घरात ही बातमी रुचिराला पावणेआठला, नाचणीचं पीठ मळताना कळली. सांगितली हर्षदने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आणि तीही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, लगेच निघता यावं अशा बेताने.

"ताई येतेय."

"कशाला?"

"सहज."

"सहज मुलुंडहून चारकोपला कोणी येत नाही, हर्षद."

"आईच्या साखरेचा विषय आहे. म्हणजे जेवणाचा."

"कोणी केलेल्या जेवणाचा?"

हर्षदने फ्रिज उघडला, आत पाहिलं आणि बंद केला. "तसं ती काही बोलली नाही," तो म्हणाला. "आईला घेऊन जायचं म्हणतेय."

रुचिराचे हात पिठात थांबले. सात आठवडे ती सासूबाईंचं वेगळं जेवण करत होती. पहाटे पाचला उठून भाकरी, दुधी, पडवळ, मुगाची आमटी. मग पावणेसातला शाळेच्या ऑफिसात नोकरीवर. सात आठवड्यांपूर्वी सकाळचा आकडा दीडशे होता. भाकरी, दुधी आणि पडवळ खाऊन तो दोनशे अडुसष्ट झाला होता. जान्हवीताईंच्या जागी ती असती तरी तिने स्वयंपाक करणाऱ्या बाईकडेच बोट दाखवलं असतं.

तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती तिने कोणालाही सांगितली नव्हती. सासूबाईंच्या उशीखाली तिला खाजाचा चुरा सापडायचा. गूळ-आल्याचा मालवणी खाजा, कोपऱ्यावरच्या खंडूच्या दुकानातला. पहिल्यांदा सापडला तेव्हा तिने चादर झटकली. दुसऱ्यांदा झटकली. तिसऱ्यांदा ती खंडूकडून स्वतःच एक पाकीट घेऊन आली आणि पिठाच्या डब्यामागे जिथे जुनं पाकीट होतं तिथे ठेवून दिलं. सत्तरी उलटलेल्या बाईने दोन तुकडे गूळ चोरून खाल्ला तर त्याची दवंडी पिटायची नसते, असं तिचं मत होतं. शिवाय दहा वर्षांपूर्वी ती गुपचूप शाळेत मुलाखतीला गेली होती, तेव्हा "सून भाजी आणूक गेली हा" असं सासूबाईंनी सगळ्या घराला तीन तास सांगितलं होतं. ते ती विसरली नव्हती.

आता मात्र तिला वाटलं, की तो चुरा आज महागात पडणार.

जयवंतराव बाहेरच्या खोलीत वही मांडीवर घेऊन बसले होते. वही दोनशे पानी, पहिल्या पानावर 'सौ. वनमाला जयवंत धुरी, साखर' असं लिहिलेली. शहात्तराव्या वर्षीही त्यांचं अक्षर छान होतं.

गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं ड्रिल मशीन चालवलं. ते सुटूनही आता अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत घरात त्यांना कोणी वाईट वागवलं नाही. चहा वेळेवर यायचा. फक्त कोणी काही विचारत नसे. नळाचा वॉशर गेला तर हर्षद फोनवरून माणूस बोलवायचा, आणि तो माणूस अर्ध्या तासाचं काम दोन तास करायचा. जयवंतराव शेजारी उभे राहून बघायचे, आणि तो माणूस म्हणायचा, काका, जरा बाजूला व्हा.

दोन वर्षांपूर्वी वनमालाबाईंना इन्सुलिन लागलं तेव्हा डॉक्टर संघमित्रांनी विचारलं, घरी सुई कोण देणार? सगळे एकमेकांकडे बघत असताना जयवंतराव म्हणाले, "ह्या काम माझा." त्यानंतर एकही रात्र चुकली नव्हती. दहाच्या ठोक्याला हात धुवायचे, इन्सुलिनच्या पेनाला नवी सुई लावायची, युनिटचा आकडा फिरवायचा, पोटावरची जागा कालच्यापासून दोन बोटं सोडून घ्यायची, दट्ट्या दाबून दहापर्यंत मोजायचं. साकीनाक्याला त्यांनी ज्या हाताने भोकं पाडली त्याच हाताने ते सुई द्यायचे, आणि बायकोला ती कळायचीही नाही.

डॉक्टरांनी गेल्या खेपेस एक कागद दिला होता. तो त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. सलग तीन दिवस उपाशीपोटी एकशे तीसच्या वर असेल तर दोन युनिट वाढवा. जयवंतरावांनी वाढवली. आकडा उतरला नाही, उलट चढला. तेव्हा त्यांनी आणखी दोन वाढवली. सात आठवड्यांत चौदाची तीस झाली होती, आणि प्रत्येक वाढ तारखेसकट वहीत होती. आपल्याकडून काही कसूर राहिली असेल असं त्यांना वाटत नव्हतं. चूक मालात होती.

"इन्सुलिनच खराब येता," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. "फ्रिजच्या दारात ठेवल्यावर दुसरा काय होतला!"

सव्वानऊला जान्हवी आली. एका हातात चाकांची बॅग, दुसऱ्या हातात खाकी पाकीट. बॅग रिकामी आहे हे जिन्यावर ती आपटण्याच्या आवाजावरूनच कळत होतं.

जान्हवी धुऱ्यांची थोरली, बँकेत अधिकारी. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली तरी चारकोपच्या घरात शिरल्यावर ती चप्पल काढायच्या आधी एकदा सगळीकडे नजर फिरवायची.

"आई कुठेय?"

"आंघोळीला," रुचिरा म्हणाली. "चहा टाकू, ताई?"

"नंतर. काल रात्री काय जेवली ती?"

"एक नाचणीची भाकरी, पडवळाची भाजी, मुगाची आमटी, अर्धी वाटी भात."

"भात," जान्हवी म्हणाली. पंचनाम्यात लिहावा तसा तिने तो शब्द उच्चारला.

"अर्धी वाटी."

"वाटी कुठली?"

रुचिराने आतून वाटी आणली. जान्हवीने ती हातात घेतली, उलटी करून बुडाकडूनही पाहिली. वाटी लहान होती. याचं जान्हवीला काय करावं ते कळलं नाही, म्हणून तिने ती टेबलावर ठेवली.

"भाताचा काय नाय गो," जयवंतराव म्हणाले. "इन्सुलिन खराब झाला हा."

"बाबा, दारातच ठेवा असं डॉक्टरांनीच सांगितलंय," रुचिरा म्हणाली. "वर बर्फाजवळ ठेवलं तर ते खराब होतं."

"टेन्शनने पण वाढते," हर्षद म्हणाला.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कसलं टेन्शन?" जान्हवीने विचारलं.

"जनरल."

तेवढ्यात वनमालाबाई केस पुसत बाहेर आल्या. त्यांना आधी बॅग दिसली, मग लेक.

"खंय चललंस?"

"मी नाही, तू. माझ्याकडे. पंधरा दिवस रजा टाकलीय मी."

"माका विचारलंस?"

"आई, दोनशे अडुसष्ट! किडनी जाईल, डोळे जातील. इथे काय चाललंय ते कोणाला कळत नाहीये. निदान माझ्या डोळ्यासमोर जेवशील तरी."

"म्हणजे मी काय खाऊ घालते ते तुम्हाला सरळ विचारायचंय," रुचिरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "विचारा ना, ताई. वाटी बघितलीत, आता डबे पण बघा."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत. बॅग घेऊन आलात."

हर्षदने टेबलावरची वाटी उचलून आत ठेवली. त्या घडीला घरात करण्यासारखं दुसरं काही त्याला दिसलं नाही.

जान्हवी खुर्ची ओढून बसली आणि खाकी पाकीट तिने समोर ठेवलं. महिन्याभरापूर्वी तिने मुलुंडच्या डॉक्टरांकडून आईच्या दंडावर एक पांढरी गोल चकती चिकटवून आणली होती. ती चकती चौदा दिवस दर पंधरा मिनिटांनी साखर टिपून ठेवते, असं तिने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तिला त्या वेळी कोणाचा विरोध नव्हता, कारण चकती हे काय प्रकरण आहे ते नीटसं कोणाला कळलंच नव्हतं. चकती परत गेली होती आणि तिचा अहवाल काल संध्याकाळी आला होता.

"मी अजून उघडलेला नाही," जान्हवी म्हणाली. "मुद्दाम. नंतर कोणी म्हणायला नको की ताई आधी वाचून ठरवून आली. सगळ्यांसमोर उघडते. जेवणानंतर साखर कुठे जाते ते यात तासातासाचं आहे."

तिने पाकीट फाडलं. आत पंधरा पानं होती, आणि प्रत्येक पानावर डोंगर-दऱ्या. जान्हवीने पहिलं पान सरळ धरलं, मग आडवं धरलं. आकड्यांशी तिचा रोजचा संबंध होता, पण आकडे रांगेत असायचे.

"दे इकडे," हर्षद म्हणाला. तो औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कारखान्यात होता. भट्टीच्या तापमानाचे असे कागद त्याच्या हातून रोज जायचे. त्याने पान टेबलावर पसरलं आणि बोट ठेवलं. "हे बघ. खाली वेळ, बाजूला साखर. हे रात्रीचे साडेआठ, जेवण. एकशे सदतीस. हे दहा वाजता एकशे बावन्न."

"म्हणजे?" जान्हवीने विचारलं.

"म्हणजे जेवणाने काही झालं नाही. मस्त आहे. सपाट."

 रुचिराने ओढणीला हात पुसले, हात कोरडे होते तरी.

"पुढे," जयवंतराव म्हणाले.

"पुढे हे बारा. खाली चाललीय. एक, अजून खाली. दोन…" हर्षद थांबला. त्याने पान उचलून डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. कारखान्यात भट्टीचा असा कागद आला असता तर तो धावत सुटला असता. "तीन वाजता अठ्ठेचाळीस."

"काय अठ्ठेचाळीस?"

"साखर. आईची. पहाटे तीनला अठ्ठेचाळीस. हा दुसरा दिवस, बावन्न. हा सेहेचाळीस." तो पानं उलटत गेला. "चौदापैकी अकरा रात्री. आणि मग तिथून सरळ वर. पाचला दोनशे, सहाला अडीचशे."

"तीन वाजता आपोआप वर कशी जाईल?" जान्हवी म्हणाली.

पिठाच्या डब्यामागची जागा रुचिराच्या डोळ्यांसमोर आली. मग दुसरं एक आठवलं. सासूबाईंचा गाऊन. रोज सकाळी घामाने चिंब असायचा, आणि ती तो रोज उकाड्याच्या नावावर धुवायला टाकायची. उकाडा तर अजून सुरूही झाला नव्हता.

"आई," ती म्हणाली. "तो खाजा…"



वनमालाबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मी खाल्लंय," त्या म्हणाल्या. "तिका काय बोलू नकात. रात्री जाग येता, हातपाय थरथरतत, घामान अंग भिजता. काळीज असा धडधडता की वाटता आता काय सकाळ बघूक गावणा नाय. मगे गोड खाल्लंय की थांबता. दोन खाजे, तीन खाजे. थांबेपर्यंत."

"रोज?"

"रोज नाय. तीन रात्री नाय झाला." त्यांनी पानांकडे हात केला. "थंय लिवलेला आसा ना."

 खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

दवाखान्याच्या पाटीवर रविवारी फोन करू नये असं लिहिलं होतं. रुचिराने केला. डॉक्टर संघमित्रांनी दुसऱ्या रिंगला उचलला आणि सगळं ऐकून घेतलं. रुचिराने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"आजींची साखर रात्री खूप खाली जाते," डॉक्टर म्हणाल्या. "खाली गेली की शरीर घाबरून स्वतःकडची साखर रक्तात सोडतं, त्यावर आजी खाजा खातात. सकाळी आकडा चढलेला. तुम्ही तो बघून इन्सुलिन वाढवता, रात्री साखर आणखी खाली जाते. आता किती देताय?"

"तीस," जयवंतराव म्हणाले.

 "आज रात्री बावीस द्या. त्यापुढे मी सांगितल्याशिवाय एकही वाढवायचं नाही. पहाटे तीनला बोटाची साखर बघा, चार-पाच रात्री. सत्तरच्या खाली दिसली किंवा घाम सुटला तर खाजा नाही, तीन चमचे साखर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. उद्या सकाळी घेऊन या त्यांना. ते कागद पण आणा. आणि आजोबा, मी दिलेल्या कागदावर दुसरी ओळ होती."

"होती," जयवंतराव म्हणाले.

फोन बंद झाला. जयवंतराव उठले, कपाटाचं दार उघडलं आणि कागद वाचला. मोठ्याने वाचला. सत्तरच्या खाली एकदाही गेल्यास चार युनिट कमी करा व मला कळवा.

"वाचलेली मी ही ओळ," ते म्हणाले. "पण माका सत्तर कोणी सांगितलाच नाय. माका सकाळचोच आकडो दिसा होतो."

"बाबा, अठ्ठेचाळीस म्हणजे काय माहितीय तुम्हाला?" जान्हवीचा आवाज फाटला. "माणूस झोपेत जातो! झोपेतून उठत नाही! आणि तुम्ही वहीत रेघा मारत दोन-दोन वाढवत बसलात. तुम्ही आईला…"

"ताई," हर्षद म्हणाला.

"काय ताई? तू काय करत होतास? टेन्शन, जनरल!"

जयवंतरावांनी फ्रिजच्या दारातून पेनाचा डबा काढला. सुयांचं खोकं काढलं. त्यावर वही ठेवली आणि सगळं जान्हवीच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"घेवन जा तिका," ते म्हणाले. आणि गॅलरीत जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

आतल्या खोलीत जान्हवी कपाटातून साड्या काढून बॅगेत भरत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी साड्यांवर पडत होतं आणि ती ते तळहाताने पुसत होती, साड्यांवरचं. वनमालाबाई खाटेवर बसून बघत होत्या.

"ती निळी नको. तिचो काठ उसवलोहा."

"आई, का सांगितलं नाहीस? दीड महिना! मरायची वेळ येईपर्यंत खाजा खात बसलीस. निदान रुचिराला सांगायचं."

"तिला सांगितलं असतं तर तिने हर्षदला सांगितलं असतं." लेकीशी गंभीर बोलायचं झालं की वनमालाबाई शाळेतल्या मराठीवर यायच्या. "हर्षदने तुला. आणि तू आज जे केलंस ते तेव्हाच केलं असतंस. काम काढून घेतलं असतंस त्यांच्याकडून."

"घ्यायलाच पाहिजे होतं!"

"एकावन्न वर्षं झाली लग्नाला," वनमालाबाई म्हणाल्या. "तुझ्या वेळी मी दोन दिवस कळा देत होते. हे तिसरी पाळी करून हॉस्पिटलात आले, मुलगी झाली म्हटल्यावर बरं झालं म्हणाले आणि बाकावर झोपले. वाईट माणूस नाही. पण दुखतंय का, हे कधी विचारलं नाही. पाय मोडला तेव्हा नाही, गर्भाशय काढलं तेव्हा नाही. त्यांच्या डोक्यातच येत नसेल. आणि दोन वर्षं झाली, रोज रात्री सुई बाहेर काढली की विचारतात. दुखला काय गो? एक दिवस चुकलेला नाही."

जान्हवी साडी हातात धरून उभी राहिली.

"दुखतं?" तिने जरा वेळाने विचारलं.

"छे. काही कळत पण नाही."

जान्हवीने साडी परत कपाटात ठेवली. मग बॅगेतल्या ठेवल्या, एकेक करून. शेवटी राहिलेली निळी तिने खांद्यावर टाकली आणि बाहेर आली.

बाहेर हर्षदने पेन हातात घेतलं होतं. रुचिरा त्याला आकडा कुठे फिरवायचा ते दाखवत होती.

"आजपासून मी देतो," हर्षद म्हणाला. "व्हिडिओ बघितला. सोपं आहे."

"नाही," जान्हवी म्हणाली. "बाबाच देतील."

"ताई, दहा मिनिटांपूर्वी तू त्यांना खुनी ठरवत होतीस यार!"

"होते. आता हे म्हणतेय."

हर्षदने बायकोकडे पाहिलं. रुचिराने नणंदेकडे पाहिलं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच ताई काहीतरी सांगत होती आणि रुचिराला ते पटत होतं. का ते तिला नीट सांगता आलं नसतं. सासूबाई जान्हवीच्या मागे दारात उभ्या होत्या, एवढं मात्र तिने पाहिलं.

"बाबाच देतील," रुचिराही म्हणाली. "पण देण्याआधी पेनावरचा आकडा मला दाखवायचा. रोज. मी हो म्हटल्याशिवाय सुई नाही."

"मी देणार नाय," गॅलरीतून आवाज आला.

तो विषय तिथेच ठेवून जेवणं झाली. जान्हवीने भात त्याच वाटीने घेतला आणि परत मागितला. चारला निघताना तिने निळी साडी फॉल-पिकोला द्यायची म्हणून बरोबर घेतली. दारात रुचिराला काहीतरी बोलायचं म्हणून ती दोनदा थांबली. शेवटी "आमटी चांगली झालेली," म्हणाली आणि जिना उतरली. जान्हवी बोलते त्या मानाने ते पुष्कळ होतं, हे रुचिराला कळलं.

रात्री दहाला वनमालाबाई खाटेवर बसल्या, रोज बसायच्या तशा. हर्षद हात धुऊन आला.

"तुझ्या हातान नको," त्या म्हणाल्या.

"बरं, मी देते," रुचिरा म्हणाली.

"तुझ्या पण नको."

"मग कोणाच्या?"

वनमालाबाई समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या. त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. सव्वादहा झाले. दहा-वीस. रुचिराने हर्षदला डोळ्याने खूण केली की गप्प बस. जयवंतराव खुर्चीत पाठ करून बसले होते. दहा-पंचवीसला ते उठले, मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. पेनाला नवी सुई लावली. आकडा फिरवला आणि पेन रुचिरापुढे धरलं. 

रुचिराने चष्मा लावून पाहिलं. "बावीस," ती म्हणाली. "हो."

त्यांनी सुई दिली. दहापर्यंत मोजलं. सुई काढली, टोपण लावून डब्यात टाकली, आणि दिवा मालवून आपल्या खाटेवर जाऊन आडवे झाले. त्या रात्री त्यांनी काही विचारलं नाही.

पहाटे तीनला गजर झाला तेव्हा हर्षद झोपायच्या माळ्यावरून खाली उतरला. खाली दिवा लागलेलाच होता. आईवडील दोघं टक्क जागे, समोरासमोर बसलेले, मध्ये साखर तपासायचं यंत्र. वडील झोपलेच नसावेत. यंत्रावर एकशे नऊ होते.

"झोप जा," जयवंतराव म्हणाले. "चांगली आसा."

सव्वासहाला एकशे चौऱ्याहत्तर आली. रुचिराने ती शाळेत निघता निघता मुलुंडला कळवली, आणि तिकडून लगेच अंगठा आला. हर्षदही कारखान्यात गेला, आणि घरात दोघंच उरली. डॉक्टरांकडे दहाला जायचं होतं. जयवंतरावांनी वहीत आकडा लिहिला, शेजारी पहाटेचा एकशे नऊ लिहिला. लाल पेन त्यांनी उघडलं नाही.

"तू माका उठवलंस कित्या नाय?" त्यांनी वहीकडे बघतच विचारलं.

"उठवलंय," वनमालाबाई म्हणाल्या. "पयल्याच रात्री. दोनदा हाक मारलंय."

"मगे?"

"झोपेत तुमका ऐकाक येता खंय? गिरणीत कान फुकट घालवलास."

जयवंतराव वहीचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसले. चहा थंड झाला.

"मगे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मगे काय. खाजा खाल्लंय."

"आणि परत तसा झाला तर?"

वनमालाबाईंनी विचार केला. "लाथ मारीन," त्या म्हणाल्या.

जयवंतरावांनी वही मिटली. उठले, आणि भिंतीकडची आपली लोखंडी खाट त्यांनी दोन्ही हातांनी धरली. एक पाय अडला तो सोडवला, पुन्हा ओढली. लादीवर करकरत ती खाट वनमालाबाईंच्या खाटेला येऊन लागली. मग ते घाम पुसून आपल्या खाटेवर उताणे पडले.

"बघ," ते म्हणाले. "पोचता काय?"

वनमालाबाई आपल्या खाटेवर आडव्या झाल्या, गाऊन सावरला आणि त्यांच्या मांडीवर एक सणसणीत लाथ घातली.

"पोचता," त्या म्हणाल्या.